डिस्क किती वेगाने लिहायची? टर्मिनलवरून बर्निंगचा वेग ताब्यात ठेवण्याची पद्धत

ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत अजूनही कपाटाच्या वरच्या खणात कॅसेटचे खोके सापडतात. घरगुती बैठका, गणेशोत्सवातलं गाणं, कुणीतरी पुढच्या रांगेत बसून केलेलं एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण. माधव संगीत महाविद्यालय १९१८ सालचं, त्याच्याही चार वर्षं आधी कृष्णराव शंकर पंडितांनी इथे संगीत विद्यालय काढलेलं. अशा गावात घराघरांत मुद्रणं असणारच. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतासाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. घरातल्या या कॅसेट वाचवण्याचं काम मात्र घरातल्यांनाच करावं लागणार आहे.

कॅसेट संगणकात उतरवल्यावर एक प्रत हार्ड डिस्कवर राहते आणि एक सीडी किंवा डीव्हीडीवर जाते. एकदाच लिहिता येणारी डिस्क चुकून पुसली जात नाही आणि व्हायरसही तिला हात लावू शकत नाही, म्हणून ही दुसरी प्रत मला मोलाची वाटते. पण बहुतेक लोक ती डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये बटण दाबून लिहितात आणि तिथे वेग आधीपासूनच ‘कमाल’ असतो. मग डिस्क आपल्या ड्राइव्हमध्ये चालते, काकांच्या जुन्या सीडी-डेकमध्ये अडखळते आणि शेवटच्या रागात तानपुऱ्यावर टिकटिक ऐकू येते.

टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, हा वेग नेमका सांगता येतो, आणि ड्राइव्हने तो खरंच पाळला का हेही दिसतं. हा लेख लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आहे. मॅक आणि विंडोजचं थोडं पुढे येईल.

टाइप करण्यापूर्वी

इथल्या सगळ्या आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. उच्चारावरून स्पेलिंग कळणार नाही तिथे ते अक्षर-अक्षर दिलं आहे. अक्षर कॅपिटल हवं असेल तर तसं सांगितलं आहे, नाहीतर सगळी लहान अक्षरं. ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ, पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द. ‘/डेव्ह/एसआर०’ म्हणजे डी-ई-व्ही, मग एस-आर आणि शून्य. संगणकातल्या पहिल्या ऑप्टिकल ड्राइव्हचं हे नाव.

चार साधनं लागतील:

वोडिम (डब्ल्यू-ओ-डी-आय-एम), सीडीसाठी.
ग्रोआयसोएफएस (जी-आर-ओ-डब्ल्यू-आय-एस-ओ-एफ-एस), डीव्हीडीसाठी.
झॉरिसो (एक्स-ओ-आर-आर-आय-एस-ओ), सगळ्या प्रकारच्या डेटा डिस्कसाठी.
डीव्हीडी+आरडब्ल्यू-टूल्स, डिस्कची माहिती विचारण्यासाठी.

डेबियन किंवा उबुंटूवर ती अशी बसवा:

सुडो एप्ट इन्स्टॉल वोडिम ग्रोआयसोएफएस डीव्हीडी+आरडब्ल्यू-टूल्स झॉरिसो

वोडिम हे २००६ मध्ये डेबियनच्या लोकांनी सीडीरेकॉर्डपासून वेगळं काढलेलं रूप. मूळ सीडीरेकॉर्ड यॉर्ग शिलिंग यांचं. त्यामुळे सीडीरेकॉर्डसाठी लिहिलेल्या बऱ्याच जुन्या सूचना वोडिमलाही चालतात. डीव्हीडीसाठी मात्र मी वोडिम वापरत नाही. ग्रोआयसोएफएस डीव्हीडीसाठीच बनलं आहे, झॉरिसोला डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्हींची नीट जाण आहे.

‘एक्स’ म्हणजे नक्की किती

‘एक्स’ म्हणजे मूळ वेगाच्या किती पट, पण सीडीचा १एक्स, डीव्हीडीचा १एक्स आणि ब्लू-रेचा १एक्स हे तीन वेगळे वेग आहेत. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो.

सीडी १एक्सला सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरलेल्या आकाराचे तुकडे, वाचते. डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट असतात, म्हणून सेकंदाला साधारण १५० किलोबाइट. ऑडिओ सीडीच्या सेक्टरमध्ये २३५२ बाइट, म्हणून १७६.४ किलोबाइट. डीव्हीडीचा १एक्स १३८५ किलोबाइट, म्हणजे सीडीच्या जवळपास नऊपट. ब्लू-रेचा १एक्स सुमारे ४४९६ किलोबाइट. ‘स्पीड=८’ म्हटलं की आठ कशाचे, हे समोरच्या डिस्कवर अवलंबून असतं.

आता वेळेचा हिशोब करू. ४.७ जीबीची डीव्हीडी ४एक्सने लिहायला साधारण १४ ते १५ मिनिटं लागतात. ८एक्सने आठेक मिनिटं. १६एक्सने गणिताप्रमाणे साडेतीन मिनिटं व्हायला हवीत, पण प्रत्यक्षात पाच-सहा लागतात, कारण १६एक्स हा वेग डिस्कच्या फक्त बाहेरच्या कडेलाच मिळतो. या वेगात ड्राइव्ह चकती एकसारख्या फेऱ्यांनी फिरवतो. आतल्या बाजूला एका फेरीत कमी अंतर कापलं जातं, म्हणून सुरुवात साडेसहा एक्सच्या आसपास होते आणि कडेकडे जाताना वेग वाढत जातो. म्हणजे ८ वरून १६ वर गेल्याने वाचतात दोन-तीन मिनिटं. त्या बदल्यात चकती मिनिटाला नऊ हजारांहून जास्त फेऱ्या घेते, जराशी असंतुलित असली तर थरथरते, आणि सर्वात जास्त वेगाने नेमका कडेचा भाग लिहिला जातो. लेझर ज्यात खुणा उमटवतो तो रंगद्रव्याचा थर एकसारखा नसण्याची शक्यताही कडेलाच जास्त असते. गाण्याची डिस्क शेवटाकडे बिघडते ती बहुधा यामुळे.

हळू म्हणजे चांगलं, हे अर्धंच खरं

‘जितकं हळू तितकं चांगलं’ हा सल्ला जुन्या काळातला आहे. तेव्हाच्या सीडी २एक्स-४एक्ससाठीच बनलेल्या होत्या, म्हणून तो बरोबर होता. आजच्या ५२एक्स सीडी-आर आणि १६एक्स डीव्हीडी-आरच्या रंगद्रव्याची रचना मोठ्या वेगासाठी केलेली असते. लेझर एखाद्या जागी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबला तर खूण पसरट होते.

ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये, डिस्कच्या सांकेतिक नावाप्रमाणे लिहिण्याच्या पद्धती साठवलेल्या असतात: लेझर किती शक्तीचा, ठिपक्याची सुरुवात कशी, शेवट कसा. सीडीच्या कोऱ्या खाचेत ही ओळख एटिप नावाच्या माहितीत असते, डीव्हीडी+आरमध्ये एडिप नावाच्या, आणि डीव्हीडी-आरमध्ये खाचांच्या मधल्या उंचवट्यावर आधीच केलेल्या बारीक खुणांत. ड्राइव्ह ती वाचतो, डिस्कच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या जागेत लेझरची चाचणी घेतो आणि मग लिहायला लागतो. ज्या वेगांची पद्धत त्याच्याकडे आहे, त्या वेगांतच तो चांगलं लिहितो. म्हणून १६एक्सच्या डीव्हीडीवर १एक्स मागितलं तरी बरेच ड्राइव्ह मुकाट्याने ४एक्स किंवा त्याहून जास्त वेग धरतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुम्ही दिलेला वेग ड्राइव्हच्या किमान वेगाहून कमी नसेल तर ती त्याच्यासाठी वरची मर्यादा असते. तिच्या आत कुठला वेग धरायचा ते ड्राइव्ह आणि डिस्क मिळून ठरवतात. आपलं काम तीन भागांचं: कुठले वेग उपलब्ध आहेत ते आधी विचारणं, त्यातला मधला मागणं, आणि प्रत्यक्षात कुठला मिळाला ते बघणं.

पहिली पायरी: ड्राइव्ह आणि डिस्कला विचारा

कोरी डिस्क घाला आणि दहा-पंधरा सेकंद थांबा, म्हणजे ड्राइव्ह तिला ओळखेल. डेस्कटॉपने स्वतःहून काही विचारणारी खिडकी उघडली तर ती बंद करा. फाइल मॅनेजरसारखा दुसरा प्रोग्रॅम डिस्ककडे बघत बसला तर लिहिताना अडथळा येतो. तुमचं खातं सीडीरॉम नावाच्या गटात नसेल तर आज्ञेआधी सुडो लावावं लागेल.

सीडी असेल तर:

वोडिम -एटिप डेव्ह=/डेव्ह/एसआर०

यात सर्वात कमी आणि सर्वात जास्त वेग दिसतो, तसंच डिस्कच्या खऱ्या उत्पादकाचं नावही. डब्यावरचं नाव आणि आतल्या डिस्कचा कारखाना वेगळे असू शकतात, म्हणून हे बघणं कामाचं. ड्राइव्हची एकूण क्षमता बघायला एटिपच्या जागी ‘-पीआरकॅप’ लिहा. तिथे वेगांची यादी किलोबाइटमध्ये येते आणि कंसात सीडीचे व डीव्हीडीचे एक्सही येतात. पण ती यादी ड्राइव्हची आहे, समोरच्या डिस्कची नव्हे.

डीव्हीडी असेल तर:

डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो /डेव्ह/एसआर०

यातल्या तीन गोष्टी बघा. ‘मीडिया आयडी’ म्हणजे डिस्कचं सांकेतिक नाव. ‘करंट राइट स्पीड’ म्हणजे ड्राइव्हने आत्ता धरलेला वेग. आणि ‘राइट स्पीड #०, #१, #२’ अशा ओळी, ज्यात ‘१६.०एक्स१३८५=२२१६०केबी/एस’ अशा पद्धतीने एकेक वेग लिहिलेला असतो. या डिस्कसाठी ड्राइव्ह कबूल करतो ते वेग हेच.

कुठलीही डिस्क असली तरी झॉरिसोला असं विचारता येतं:

झॉरिसो -आउटडेव्ह /डेव्ह/एसआर० -लिस्ट_स्पीड्स

रिकाम्या ड्राइव्हला किंवा आधीच लिहून बंद केलेल्या डिस्कला हे विचारू नका. यादी येते, पण ती भलत्याच डिस्कसाठीची असते.

यादी मिळाली की मधला आकडा निवडा. ५२एक्सच्या सीडी-आरसाठी मी १६ किंवा २४ घेतो. १६एक्सच्या डीव्हीडीसाठी ८, आणि यादीत ४ असेल व डिस्क अनोळखी असेल तर ४. लॅपटॉपचा किंवा यूएसबीचा पातळ ड्राइव्ह असेल तर त्याची कमाल मर्यादाच बहुधा सीडीसाठी २४ आणि डीव्हीडीसाठी ८ असते. तिथे डीव्हीडी ४ ते ६ वर लिहिलेली बरी.

दुसरी पायरी: ऐकायची सीडी

ऑडिओ सीडीला वेगाची काळजी सगळ्यात जास्त लागते. डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी जास्तीची माहिती ठेवलेली असते. ऑडिओ सीडीत ती जागाही आवाजालाच दिलेली आहे, म्हणून तिथे सेक्टर २३५२ बाइटांचा. दुरुस्तीचा एक थर कमी. चूक आवरली नाही तर प्लेअर मागच्या-पुढच्या आवाजावरून अंदाजाने जागा भरतो आणि तेही जमलं नाही तर टिकटिक ऐकू येते. सिनेमाच्या गाण्यात ती लपेल, पण विलंबित ख्यालात दोन स्वरांच्या मधल्या शांततेत ती लपत नाही.

म्हणून जपून ठेवायची प्रत डेटा डिस्कवर, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारं) स्वरूपात असावी. आजी-आजोबांना ऐकायला द्यायची प्रत ऑडिओ सीडीवर करा. ऑडिओसाठी फाइल ४४१०० हर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ वॅव हवी:

एफएफएमपेग -आय यमन.फ्लॅक -एआर ४४१०० -एसी २ -सॅम्पल_एफएमटी एस१६ ०१.वॅव

(एफएफएमपेग म्हणजे एफ-एफ-एम-पी-ई-जी; ‘सॅम्पल_एफएमटी’ मधला शेवटचा भाग एफ-एम-टी.) सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये आल्या की आधी लेझर बंद ठेवून तालीम घ्या:

वोडिम -व्ही -डमी -डीएओ डेव्ह=/डेव्ह/एसआर० स्पीड=१६ -ऑडिओ -पॅड *.वॅव

पडद्यावर ‘स्टार्टिंग टु राइट’ने सुरू होणारी ओळ येईल. तिच्यात ड्राइव्हने खरोखर स्वीकारलेला वेग असतो. १६ मागितले आणि तिथे २४ दिसले तर या डिस्कसाठी ड्राइव्हचा किमान वेगच २४ आहे असं समजा. तालीम नीट झाली की ‘-डमी’ काढून हीच आज्ञा परत द्या आणि सोबत बफरचं (लिहायची माहिती तात्पुरती साठवणाऱ्या जागेचं) संरक्षण मागा, म्हणजे ती जागा रिकामी झाली तरी डिस्क वाया जाणार नाही:

वोडिम -व्ही -डीएओ डेव्ह=/डेव्ह/एसआर० स्पीड=१६ ड्रायव्हरऑप्ट्स=बर्नफ्री -ऑडिओ -पॅड *.वॅव

‘-डीएओ’ म्हणजे पूर्ण डिस्क एका दमात लिहिणं. जुन्या डेकला हीच पद्धत मानवते आणि ट्रॅकच्या मध्ये नको असलेली दोन सेकंदांची शांतताही येत नाही. एकाच रागाचे आलाप आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये ठेवले असतील तर याचा फरक लगेच कळतो. भरलेली ८० मिनिटांची सीडी १६एक्सने पाच मिनिटांत होते.

शेवटी वोडिम जे छापतं ते नक्की वाचा. सरासरी वेग किती, ड्राइव्हचा बफर कमीत कमी किती भरलेला होता, आणि ‘बर्न-फ्री वॉज नेव्हर नीडेड’ ही ओळ आली का. आली तर लेखन सलग झालं. त्याऐवजी संरक्षण अमुक वेळा वापरलं असं छापलं तर लेझर तितक्या वेळा थांबून पुन्हा सुरू झाला. डिस्क चालेल, पण ती ऐकण्यासाठी ठेवा आणि जपायची प्रत पुन्हा लिहा.

तिसरी पायरी: जपायची डीव्हीडी

आधी सगळ्या फाइलींची एक प्रतिमा, म्हणजे पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, बनवा. थेट फोल्डरमधून डिस्कवर लिहिता येतं, पण प्रतिमा असली की लिहिल्यावर तपासणी नेमकी करता येते.

झॉरिसो -ॲज एमकेआयसोएफएस -आर -जे -व्ही बैठक_०१ -ओ बैठक.आयएसओ बैठक/

(‘-ॲज’ म्हणजे ए-एस, ‘एमकेआयसोएफएस’ म्हणजे एम-के-आय-एस-ओ-एफ-एस. ‘-जे’ आणि ‘-व्ही’ कॅपिटल, बाकी लहान.) एखादी फाइल चार जीबीहून मोठी असेल तर ‘-आयसो-लेव्हल ३’ जोडा. फाइलींची नावं मराठीत ठेवली तरी चालतात. ‘-जे’ने येणाऱ्या रचनेत नावाला ६४ अक्षरांची मर्यादा असते आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून ‘राग_यमन_विलंबित’ इतपत नाव ठेवा, पूर्ण बैठकीचा इतिहास नावात नको.

डिस्क काठोकाठ भरू नका. ४.७ जीबीच्या डिस्कवर ४.३ पर्यंतच लिहा, म्हणजे कडेचा धोक्याचा भाग कोराच राहील.

मग:

ग्रोआयसोएफएस -डीव्हीडी-कॉम्पॅट -स्पीड=८ -झेड /डेव्ह/एसआर०=बैठक.आयएसओ

(‘-झेड’ कॅपिटल.) ‘-डीव्हीडी-कॉम्पॅट’ने डिस्क बंद होते, पुढे काही जोडता येत नाही, आणि जुन्या प्लेअरना हेच चांगलं. सुरुवातीला ‘करंट राइट स्पीड’ अशी एक ओळ येईल, ८.२एक्स१३८५ अशासारखी. दशांशाचा फरक चालतो. ८ मागून १६ दिसले तर मात्र कंट्रोल-सी दाबायची घाई करू नका. डिस्क एकदाच लिहिता येणारी असेल तर मध्ये थांबवली की ती वायाच गेली. पूर्ण होऊ द्या आणि तपासून बघा.

चालू असताना प्रत्येक ओळीत ‘@’ नंतर त्या क्षणाचा वेग, मग उरलेला वेळ, आणि शेवटी आरबीयू व यूबीयू असे दोन टक्के दिसतात. पहिला संगणकाकडच्या बफरचा, दुसरा ड्राइव्हमधल्या बफरचा. दोन्ही शंभराच्या आसपास राहायला हवेत. आरबीयू खाली येत असेल तर हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह माहिती वेळेवर पुरवत नाही. प्रतिमा यूएसबीच्या जुन्या डिस्कवर आणि बर्नरही त्याच हबवर असेल तर असं हमखास होतं. प्रतिमा आतल्या डिस्कवर आणा किंवा वेग एक पायरी खाली घ्या.

झॉरिसोने हेच काम करायचं तर:

झॉरिसो -ॲज सीडीरेकॉर्ड -व्ही डेव्ह=/डेव्ह/एसआर० स्पीड=८ एफएस=६४एम -इजेक्ट बैठक.आयएसओ

‘एफएस=६४एम’ने संगणकाकडचा बफर ६४ मेगाबाइटचा होतो.

झॉरिसोची स्वतःची ‘-स्पीड’ सूचना जास्त स्पष्ट आहे, कारण तिथे एककही सांगता येतं. ‘४डी’ म्हणजे डीव्हीडीचे चार, ‘१६सी’ म्हणजे सीडीचे सोळा, ‘२बी’ म्हणजे ब्लू-रेचे दोन, ‘५५४०के’ म्हणजे सेकंदाला ५५४० किलोबाइट. एकक दिलं नाही तर समोरच्या डिस्कवरून ते ठरतं.

शून्याचं मात्र जपून. झॉरिसोच्या स्वतःच्या ‘-स्पीड’मध्ये शून्य म्हणजे कमाल आणि उणे एक म्हणजे किमान. त्याच घरातल्या सीडीआरस्किन नावाच्या साधनात नेमकं उलटं, शून्य म्हणजे किमान. आकड्याऐवजी झॉरिसोला ‘मिन’ किंवा ‘मॅक्स’ असे शब्द द्या.

ब्लू-रेविषयी थोडक्यात

२५ जीबीच्या बीडी-आरवर ग्रोआयसोएफएसने लिहिताना वेग मागितल्याच्या निम्माच दिसला तर ड्राइव्ह बिघडलेला नाही. हे साधन कोरी डिस्क आधी राखीव जागांसह फॉरमॅट करतं आणि मग ड्राइव्ह लिहिलेलं लगेच वाचून पडताळत जातो. त्यातच अर्धा वेळ जातो. नको असेल तर आज्ञेत ‘-यूज-द-फोर्स-लूक=स्पेअर:नन’ (लूक म्हणजे एल-यू-के-ई) जोडा, किंवा झॉरिसो वापरा. माझा कल झॉरिसोकडे आहे.

चौथी पायरी: तपासल्याशिवाय डिस्क डब्यात ठेवू नका

वेगाची निवड बरोबर होती का, हे इथेच कळतं. डिस्क बाहेर काढा आणि पुन्हा आत घाला. संगणकाच्या स्मृतीतली जुनी माहिती वाचली जाऊ नये म्हणून हे आवश्यक आहे. मग प्रतिमेचा आकार बाइटमध्ये विचारा:

स्टॅट -सी %एस बैठक.आयएसओ

आलेल्या आकड्याला २०४८ ने भागा. समजा उत्तर २०९७१५२ आलं, तर:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट=२०९७१५२ | शा२५६सम
शा२५६सम बैठक.आयएसओ

(‘शा’ म्हणजे एस-एच-ए, ‘सम’ म्हणजे एस-यू-एम.) शा२५६सम माहितीवरून तिचा ठसा म्हणून एक लांबलचक ओळ काढतं; डिस्कची आणि प्रतिमेची अशा दोन्ही ओळी जुळायला हव्यात. काउंट न देता पूर्ण डिस्क वाचायला सांगितली तर शेवटी उगाच त्रुटी दिसू शकते, कारण लिहिलेल्या भागापलीकडे वाचायला काही नसतं.

जुळणं आणि डिस्क चांगली असणं यात मात्र फरक आहे. ड्राइव्ह चुका दुरुस्त करून माहिती देतो, त्यामुळे काठावर आलेली डिस्कही आज जुळते. म्हणून वाचताना वेगाकडेही लक्ष द्या. वाचन सुरळीत चाललं तर ठीक. मध्येच ड्राइव्हचा आवाज उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला, तर तो त्या जागी अडखळतो आहे. सेक्टरवार चित्र हवं असेल तर:

झॉरिसो -इनडेव्ह /डेव्ह/एसआर० -चेक_मीडिया --

यात कुठून कुठपर्यंतचे भाग बरे आणि कुठले हळू किंवा न वाचता येणारे, ते येतं. शक्य झालं तर ही तपासणी दुसऱ्याच ड्राइव्हवर करा. आपण लिहिलेलं आपलाच ड्राइव्ह प्रेमाने वाचतो. डेक किंवा गाडीतला प्लेअर इतका समजूतदार नसतो.

एखादी जुनी डिस्क मोठ्या आवाजात फिरते आणि वाचता येत नाही तेव्हा वाचनाचा वेगही कमी करता येतो:

इजेक्ट -एक्स ४ /डेव्ह/एसआर०

इथला ‘एक्स’ लहान. कॅपिटल ‘एक्स’ दिला तर ड्राइव्ह कुठले वाचन-वेग देतो त्याची यादी मिळते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या सीडीवरचं गाणं परत काढायला याने खूप मदत होते.

ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि वीज

मे-जूनमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो. लेझर डायोड तापला की त्याची तरंगलांबी किंचित सरकते, आणि रंगद्रव्य किती प्रकाश शोषेल हे तरंगलांबीवर अवलंबून असतं. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. ड्राइव्ह लिहिताना शक्ती कमी-जास्त करून हे सांभाळतो, पण त्यालाही मर्यादा आहेत. एकामागून एक डिस्क लिहायच्या असतील तर सकाळी लिहा, दोन डिस्कच्या मध्ये ड्राइव्हला पाच-दहा मिनिटं उघडा ठेवून गार होऊ द्या, आणि दुपारी लिहिणं भागच असेल तर वेग एक पायरी कमी करा. कोऱ्या डिस्कचा डबा गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नका.

बर्नफ्री बफर रिकामा झाला तर वाचवतं, वीज गेली तर नाही. घरचा इन्व्हर्टर चालू व्हायला लागणाऱ्या क्षणभरात डेस्कटॉप बंद पडू शकतो आणि डिस्क तिथेच संपते. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. लॅपटॉप बॅटरीवर तरतो, मात्र यूएसबी ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोडा, वीज न घेणाऱ्या साध्या हबला नको. लेझर आणि मोटर दोन्हींना लिहिताना जास्त वीज लागते. हबकडून ती पुरली नाही तर वेग आपोआप पडतो किंवा ड्राइव्ह मधेच नाहीसा होतो.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक डिस्कसाठी एक ओळ पुरे: तारीख, डिस्कचा मीडिया आयडी, मागितलेला वेग, मिळालेला वेग, शा२५६ची पहिली आठ अक्षरं, तपासणी जमली की नाही. एकाच डब्यातल्या काही डिस्क लिहून झाल्या की याच ओळींतून तुमच्या ड्राइव्हला त्या डिस्कवर कुठला वेग मानवतो ते दिसायला लागतं. डबा संपून नवा आणला की मीडिया आयडी पुन्हा बघा. डब्यावरचं चित्र तेच आणि आतला आयडी वेगळा, असं होतं. तेव्हा जुना हिशोब चालत नाही. डिस्कवर क्रमांक लिहायचा तो मधल्या पारदर्शक रिंगणात, पाण्यावर आधारित शाईच्या पेनाने.

मॅक आणि विंडोज

मॅकवर टर्मिनलमध्ये हे पुरतं:

एचडीआययुटिल बर्न -स्पीड ४ बैठक.आयएसओ

(एच-डी-आय-यू-टी-आय-एल.) आकड्याच्या जागी ‘मॅक्स’ही चालतं, पण ते आपल्याला नको आहे. लिहिल्यावर तपासून बघण्याची सोय याच साधनात आहे. विंडोजच्या स्वतःच्या डिस्क लिहिण्याच्या आज्ञेत वेग सांगायची सोय नाही, तिथे इमजीबर्न नावाच्या प्रोग्रॅमला ‘/स्पीड’ देऊन चालवावं लागतं.

वेग ऐकलाच नाही तर

कधी कधी काही केलं तरी ड्राइव्ह एकच वेग धरतो. यादीत एकच वेग असेल तर काही उपाय नाही. ही डिस्क या ड्राइव्हला ओळखीची नाही आणि तो आपला ठरलेला एक वेग वापरतो आहे. दुसऱ्या उत्पादकाची डिस्क घाला. यादीत बरेच वेग असूनही ऐकत नसेल तर एका साधनाऐवजी दुसरं वापरून बघा, कारण ग्रोआयसोएफएस आणि झॉरिसो ड्राइव्हला वेग सांगायचे मार्ग थोडे वेगळे वापरतात. तरी नाही झालं तर ड्राइव्हच्या उत्पादकाकडे नवं फर्मवेअर आहे का ते बघा. नव्या फर्मवेअरमध्ये नव्या डिस्कच्या लिहिण्याच्या पद्धती जोडलेल्या असतात. फर्मवेअर चढवताना ड्राइव्हमध्ये डिस्क ठेवायची नाही आणि लॅपटॉपचा चार्जर लावलेला असू द्यायचा.